आजी कोणाशी बोलते?

पत्र थोडक्यात असं आहे:

"मी पारोळा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझ्या आईची आई ऐन तारुण्यात विधवा झाली, मग तिने पाट लावला. दुसऱ्या नवऱ्याच्या घरी आल्यावर ती जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढतात त्या कारखान्यात, कामाला लागली आणि म्हातारी होईपर्यंत तिथेच कापूस निवडत राहिली. तिच्यावर एकपात्री प्रयोग करायचं माझ्या मनात आहे. साठ पानं लिहून झाली आहेत. बहिणीला वाचून दाखवली तर पावणेतीन तास लागले. त्यात चौदा पात्रं आहेत. मध्ये मध्ये बहिणाबाईंच्या ओळी घेतल्या आहेत, कानबाईच्या सणाची गाणीही आहेत. आजीचं बोलणं अहिराणीत आणि माझं निवेदन मराठीत. पण स्टाफरूममध्ये थोडं करून दाखवलं तर आजी बोलायला लागली की सगळे हसतात, रडायच्या जागीसुद्धा. मोठा मामा म्हणतो, पाटाची गोष्ट चव्हाट्यावर आणायची नाही. दिग्दर्शक नाही, पैसे नाहीत. एवढं सगळं पाठ राहील का, याची भीती वाटते. जळगावचं नाट्यगृह घ्यायला किती आधी विचारावं लागतं? आणि आजीसाठी नऊवारी घेऊ की साधी साडी?"

ताई, नमस्कार.

नाट्यगृहाचं शेवटी बघू. साडीचंही. आधी तुमच्या पत्रात जे नाही त्याबद्दल बोलतो. आजी काय बोलते ते तुम्ही सविस्तर लिहिलंय, कोणाकोणाबद्दल बोलते तेही लिहिलंय, पण ती कोणाशी बोलते हे कुठेच नाही. एकपात्रीचं निम्मं काम या एका प्रश्नात असतं. रंगमंचावर माणूस एकटा दिसतो म्हणून तो एकटा बोलतोय असं होत नाही. वेड लागल्याशिवाय कोणी तासभर स्वतःशी मोठ्याने बोलत नाही. प्रेक्षकाला हे सांगता येत नाही, पण पाच-सात मिनिटांत त्याला ते जाणवतं आणि तो खुर्चीत चुळबुळायला लागतो.

मराठीत या बाबतीत फार जुनी शिदोरी आहे. दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे यांनी, १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. शाळेत तुम्ही मुलांना एखादी तरी शिकवली असेल. त्यात एकच माणूस बोलतो, समोरच्याचा एक शब्द ऐकू येत नाही, तरी समोरचा काय म्हणाला, कधी रागावला, कधी उठून गेला हे आपल्याला कळतं. बोलणाऱ्याच्या पुढच्या वाक्यात मागचं उत्तर लपलेलं असतं. तुमची साठ पानं घेऊन बसण्याआधी दोन-चार नाट्यछटा मोठ्याने वाचा. बोलताना ज्या ज्या ठिकाणी तुम्ही आपोआप थांबाल, तिथे समोरचा बोलतोय.

आता तुमच्या आजीपुढे कोणाला बसवायचं? सर्वात सोपं म्हणजे प्रेक्षकांना. सुषमा देशपांडे यांनी १९८९ पासून सावित्रीबाई फुल्यांवरचा एकपात्री प्रयोग केला, त्यात सावित्रीबाई समोरच्या माणसांशी थेट बोलतात. तिथे ते शोभतं, कारण त्या बाईला समाजाला काही सांगायचंच होतं. तुमच्या आजीला समाजाला काय सांगायचं होतं? बहुधा काही नाही. ती दहा-वीस अनोळखी लोकांपुढे तोंड तरी उघडेल का? मेलेल्या पहिल्या नवऱ्याशी ती बोलते असंही करता येईल, पण मग पहिल्या वाक्यापासून सूर रडका लागतो, आणि ज्याला सगळं माहीत आहे त्याला पुन्हा सगळं सांगावं लागतं.

माझा कौल तिसऱ्या कोणाला तरी आहे. जिनिंगमध्ये आज एक नवी बाई कामाला आली आहे. तरणी आहे, भेदरलेली आहे. आजी तिला काम शिकवते आहे. एवढं ठरवलंत की बघा किती गाठी आपोआप सुटतात. जिनिंग म्हणजे काय, सरकी कुठे जाते, रुई कुठे, पगार कधी, मुकादम कसा, हे प्रेक्षकाला समजावून सांगायला वेगळं निवेदन लागत नाही. आजी नवीला सांगते, आपण ऐकतो. आणि नवी जे प्रश्न विचारते ते आपल्याला ऐकू येत नसले तरी आजीला उत्तर द्यावं लागतं:

"आठे बठ. नही, तठे नही, तठे मुकादमनी नजर पडस. हाऊ कापूस देख. कवडी येगळी, पांढरा येगळा… काय म्हनस? नवरा? मन्हा कोनता इचारी ऱ्हायनी, पहिला का दुसरा?"

माझी अहिराणी धुळ्याकडची आहे, तुमच्या कानाला खटकेल तिथे दुरुस्त करा. पण बघा, तुमच्या संहितेत पाटाची गोष्ट सुरू व्हायला एकोणीस पानं लागतात असं तुम्ही लिहिलंय. इथे ती एका प्रश्नात आली. या वाक्याला लोक हसणारच. हसू द्या. त्या वेळी आजीचे हात कापसावर थांबवा. तीन-चार आकडे मनात मोजा आणि मग हात पुन्हा चालू करा. हसणारे स्वतःच गप्प होतील.

यातच तुमच्या स्टाफरूमच्या हसण्याचं उत्तर आहे. आपल्याकडे अहिराणी कानावर पडली की विनोद येणार असं लोकांना वाटतं, कारण मोबाइलवर आणि लग्नाच्या मांडवात ती बहुतेक वेळा त्याच कामाला लावली गेली आहे. त्यात तुम्ही निवेदन मराठीत केलंत. म्हणजे शहाणी शिक्षिका मराठी बोलते आणि अडाणी आजी अहिराणी. तुमच्या मनात तसं नसेल, पण रंगमंचावर तसंच दिसतं. दोन भाषा शेजारी उभ्या केल्या की प्रेक्षक लगेच वरची कोणती आणि खालची कोणती ते ठरवतो. निवेदन काढून टाका. सबंध प्रयोग अहिराणीत करा. मराठी ठेवायचीच असेल तर ती शेठच्या दिवाणजीच्या तोंडी, पगाराच्या चिठ्ठीत, दवाखान्यात ठेवा. जिथे आजीला ती खरोखर भेटली असेल तिथे. मग पहिली पाच मिनिटं लोक सवयीने हसतील आणि सहाव्या मिनिटाला अहिराणी ही फक्त तिथली बोलायची भाषा उरेल. जळगाव-भुसावळकडच्या लेवा बोलीवाल्यांनाही ती कळते, काळजी करू नका. पुण्या-मुंबईचं आत्ता बघूच नका.

चौदा पात्रांचं बोलू. लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात एकटा माणूस ५२ पात्रं उभी करायचा हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि एकपात्री करणारा प्रत्येक जण मनात कुठेतरी तो आकडा धरून बसतो. तो प्रयोग त्या कसबावरच बांधलेला होता. गमतीदार प्रवास, गर्दी, माणसांचे नमुने. तुमचा विषय गर्दीचा नाही, एका बाईचा आहे. मी असतो तर फक्त आजीला ठेवलं असतं, न बोलणारी नवी बाई ठेवली असती, आणि बाकी सगळ्यांना आजीच्या तोंडात टाकलं असतं. म्हणजे शेठची नक्कल तुम्ही करायची नाही, आजीने करायची. म्हाताऱ्या बायका दुसऱ्याची नक्कल कशी करतात ते आठवा. आवाज फारसा बदलत नाहीत, मान एकदा वेडावून दाखवतात, ओठ मुरडतात आणि लगेच आपल्या आवाजावर येतात. ती नक्कल बेताची झाली तरी चालते, कारण ती आजीची आहे. तुम्हाला चौदा आवाज साधायची गरज उरत नाही, आणि प्रत्येक माणसाबद्दल आजीला काय वाटत होतं तेही फुकटात कळतं.

एक गोष्ट मात्र काटेकोर लागेल, ती म्हणजे नजर. नवी बाई कुठे बसली आहे ते ठरवा. समजा तुमच्या डावीकडे, थोडी पुढे, जमिनीवर. म्हणजे तिच्याशी बोलताना तुमची नजर त्या एकाच ठिकाणी, तिच्या तोंडाच्या उंचीवर गेली पाहिजे. मुकादम उजवीकडून येतो आणि उभा असतो, म्हणजे त्याच्याकडे बघताना हनुवटी वर जाणार. दोघांपैकी कोणाकडेही पूर्ण वळू नका, नाहीतर अर्ध्या प्रेक्षकांना तुमची पाठ दिसेल. मधल्या रेषेपासून थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे एवढं पुरतं. तालमीत नवीच्या जागी एक रिकामा हंडा ठेवा आणि त्याच्याशी बोला. नजर पक्की बसली की हंडा काढा. नजर एक हात जरी घसरली तरी प्रेक्षकाला वाटतं बाई उठून गेली.

बहिणाबाईंच्या ओळी काढा. कायद्याची अडचण नाही. त्या १९५१ साली गेल्या, गाणी पुस्तकरूपाने १९५२ साली आली, आणि आपल्याकडे मृत्यूनंतर छापलेल्या साहित्याचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, तो संपला. अडचण वेगळी आहे. त्या ओळी खान्देशात कोणाला येत नाहीत? तुम्ही पहिला शब्द उच्चारला की सभागृह मनात पुढची ओळ म्हणायला लागतं आणि तुमच्या आजीला विसरतं. शिवाय बहिणाबाई आसोद्याच्या, त्यांची बोली लेवा. तुमची आजी अहिराणी. जाणकार माणूस तिथेच अडखळेल. तुमच्या आजीलाही गाणी, म्हणी, शिव्या येत असणार. ज्या बाईला अक्षर येत नव्हतं तिचे शब्द बहिणाबाईंच्या मुलाने, सोपानदेवांनी टिपून ठेवले म्हणून आपल्यापर्यंत आले. ते टिपण्याचं काम तुम्ही आपल्या आजीसाठी करा. मावशी असेल, आजीबरोबर काम केलेली एखादी बाई हयात असेल, तिच्याकडे मोबाइल ठेवून बसा.

कानबाईच्या गाण्यांचंही तेच थोडंफार, पण ती मी काढायला सांगणार नाही. फक्त वेळ तपासा. कानबाई बसते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आणि सोमवारी तिचं विसर्जन. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. म्हणजे श्रावणात आजी जिनिंगमध्ये नसणार. संहितेत ती कापूस निवडताना कानबाईचं गाणं म्हणते असं दाखवलंत तर पुढच्या रांगेतली एखादी म्हातारी तुम्हाला तिथल्या तिथे पकडेल. ती गाणी आठवणीत येऊ द्या. श्रावणात काम नसायचं, हातात पैसा नसायचा, आणि कानबाईच्या नैवेद्याच्या रोटासाठी गहू उसने आणावे लागायचे, अशा कुठल्यातरी खऱ्या कारणाने येऊ द्या. एकच गाणं, तेही अर्धं. पूर्ण म्हटलंत तर बायका टाळ्या धरून तुमच्याबरोबर म्हणायला लागतील. ऐकायला छान वाटेल, पण नाटक तिथे थांबेल.

मामांचा प्रश्न सगळ्यात अवघड. तो टाळू नका.

पाटाची गोष्ट काढली तर उरतं काय? कष्टाळू आजी. तशा आजीचा सत्कार करता येतो, नाटक होत नाही. म्हणून ती गोष्ट राहिली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. विधवेने पाट लावणं आपल्याकडच्या कितीतरी समाजांत रीतीचंच होतं. पुढच्या पिढ्या शिकल्या-सवरल्या आणि मग त्याची लाज वाटायला लागली. मामांना नेमकी कशाची लाज वाटते ते विचारा. बऱ्याचदा ती आईची नसते, सोयऱ्यांची असते. पहिल्या घरची माणसं अजून आहेत का? आजीची पहिल्या घरची मुलं मागे राहिली होती का? असतील आणि हयात असतील, तर त्यांना ओळखता येईल असं काहीही नको. गाव बदला, नाव बदला, मुलांची संख्या बदला. मेलेल्यांबद्दल खरं बोलायची मुभा घ्या, जिवंतांच्या बाबतीत हात आखडता ठेवा.

मग मामांना पहिल्या प्रयोगाच्या आधी घरी बसवून सगळं वाचून दाखवा. परवानगी मागायला नाही. दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी तुमच्याकडून कळावं म्हणून. चहा-पाणी झाल्यावर वाचा, आधी नको, आधी वाचलंत तर ते चहा न घेता उठतील. वाचून झालं की विचारा, "मामा, यात चुकीचं काय आहे?" काय नको हे विचारू नका. चूक काढायला माणूस आठवायला लागतो, आणि आठवायला लागला की बोलायला लागतो. मामांकडे तुमच्यापेक्षा जास्त आजी शिल्लक आहे. तरीही ते नाही म्हणाले तर काय करायचं ते तुम्हीच ठरवायचं, त्यात माझा सल्ला उपयोगी नाही. नातं तुमचं आहे.

आता साठ पानं. अहिराणी असो की मराठी, रंगमंचावर सावकाश बोलणारा माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या पुढे जात नाही, आणि त्यात हातांचं काम, थांबे, हसे धरले तर आणखी कमी. पहिल्यांदा करणाऱ्याने पन्नास-पंचावन्न मिनिटांच्या वर जाऊ नये. म्हणजे साधारण पाच हजार शब्द. तुमची फुलस्केप धरली तर सोळा-सतरा पानं. त्रेचाळीस पानं जाणार. ती कापायची एक रीत सांगतो: आजी नवीला जे सांगणार नाही ते सगळं काढा. तुमची मतं, विशेषणं, "त्या काळात स्त्रियांना" असली वाक्यं पहिल्या दिवशीच जातील. जे उरेल ते मोठ्याने बोलून बघा. बोलताना ज्या वाक्यात श्वास पुरत नाही ते वाक्य आजीचं नव्हे, तुमच्या बी. एड.चं.

पाठांतराची भीती यानंतर निम्मी होते. पाठ करताना पानं पाठ करू नका, काम पाठ करा. संहितेचे दहा-बारा तुकडे पाडा आणि प्रत्येकाला आजी तिथे काय करते त्यावरून नाव द्या: नवीला बसवते, मुकादमाला चुकवते, भाकर वाटून घेते, खोटं बोलते, खरं बोलते. मग प्रत्येक तुकड्यात हातांनी काय चाललंय ते बांधून घ्या. हात इथे सगळ्यात कामाचे आहेत. खरा कापूस आणा. पिवळा, किडका, डागाळलेला वेगळा काढायचा आणि पांढरा वेगळा टाकायचा, एवढंच काम सबंध प्रयोगभर. घरी तालीम करताना दोन्ही ढीग खरे पडले पाहिजेत. अभिनय म्हणून नुसती बोटं हलवू नका. असं केलंत की प्रयोगात वाक्य विसरलं तरी घाबरायचं कारण नाही. हात चालू ठेवा. काम करणारी बाई मध्येच गप्प होते, ते कोणालाच खटकत नाही. वाक्य परत येतं. नाही आलं तर पुढच्या तुकड्याचं काम सुरू करा, त्याचं पहिलं वाक्य हाताबरोबर येतं.

कापसाबद्दल दोन सूचना, दोन्ही गंभीर. तो आदल्या दिवशी उन्हात झटकून घ्या. धूळ आणि तंतू घशात गेले तर वीस मिनिटांत आवाज बसेल. आणि रंगमंचावर कापूस असताना समई, उदबत्ती, कंदील काहीही पेटवायचं नाही. उद्घाटनाचं दीपप्रज्वलन हौशी मंडळी करणारच, ते बाहेर व्हरांड्यात करायला सांगा. तापणारे हॅलोजनही कापसापासून लांब, एलईडी मिळाले तर उत्तम.

दुसरी अडचण तुम्ही जमिनीवर बसून करणार याची. मंदिराच्या सभामंडपात लोक सतरंजीवर बसले आणि तुम्हीही जमिनीवर, तर तिसऱ्या रांगेच्या मागे तुमची फक्त बट दिसेल. शाळेची चार बाकं जोडून त्यावर फळ्या टाका, वर गोणपाट. साधारण गुडघ्याएवढी उंची पुरते. बाकं हलतात, पाय बांधून घ्या आणि आदल्या दिवशी त्यावर दोन मोठी माणसं उभी करून बघा. शंभर माणसांपर्यंत माइक नको. कॉलर माइक पदरावर घासतो आणि कापसाच्या ढिगाजवळ सतत खरखरतो. नको म्हटलं तरी आयोजक माइक आणतोच, मग तो वरून टांगायला सांगा.

आणि उन्हाळ्यात करू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना जाऊन भिडतो, कूलर आणि पंखे बंद करता येत नाहीत, आणि कूलरच्या आवाजात कुजबुज ऐकू जात नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुम्हाला परीक्षा. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत गावात संध्याकाळी माणूस थकलेला असतो. तरी डिसेंबर-जानेवारीतली रात्रीची वेळ मला सर्वात बरी वाटते. थंडीमुळे माणसं एकमेकांना खेटून बसतात आणि ऐकतात. नऊनंतर सुरू करा, जेवणं होऊ द्या.

दिग्दर्शक नाही म्हणता. पूर्ण वेळचा दिग्दर्शक लागेलच असं नाही, पण बाहेरचा डोळा लागेल, आणि तो घरातला नको. अमळनेर, धुळे, जळगाव इथे हौशी नाटक करणारी माणसं आहेत, जळगाव केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी संघ उतरतात. त्यातल्या एखाद्याला महिन्यातून दोनदा दोन तास बसायला सांगा. "कसं झालं?" असं विचारलंत तर "छान" असं उत्तर येईल आणि तुमचा दिवस वाया जाईल. विचारा: कंटाळा कुठे आला? नवी बाई दिसत होती का? कुठलं वाक्य ऐकू आलं नाही? मोबाइल समोर ठेवून चित्रीकरण करा, पण बघताना आवाज बंद ठेवून बघा. आवाज नसताना गोष्ट कळली तर हातांचं काम बरोबर बसलंय.

आता नाट्यगृह. जळगावचं छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह असो किंवा धुळ्याचं राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर, ही मोठ्या नाटकांची घरं आहेत. पहिल्या प्रयोगाला दीडशे माणसं आली तरी तिथे रिकामं वाटेल, आणि भाडं, अनामत, ध्वनी-प्रकाश यांत तुमची सुट्टीची साठवण जाईल. सुरुवात ओसरीवर करा. वीस-पंचवीस बायका, शक्यतो ज्यांनी कापूस वेचलाय किंवा निवडलाय अशा. त्यांच्याइतका कडक परीक्षक स्पर्धेत मिळत नाही. मग शाळेचा हॉल, मग एखाद्या वाचनालयाचं सभागृह, महाविद्यालयाचं स्नेहसंमेलन. प्रत्येक ठिकाणी काहीतरी बदलेल, कुठे दोन मिनिटं कमी होतील, कुठे एखादी म्हातारी एक शब्द देऊन जाईल. असे प्रयोग अंगवळणी पडल्यावर नाट्यगृहाचा विचार करा, तेव्हा चौकशी काही महिने आधी करा. दिवाळी आणि डिसेंबरच्या तारखा फार लवकर जातात.

कागदपत्रांचं काम लवकर सुरू करा. जाहीर प्रयोगासाठी महाराष्ट्र राज्य रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, नाट्यगृहवाले ते मागतात. अहिराणी संहिता पाठवताना सोबत मराठी सारांश जोडा, वाचणाऱ्याची सोय होईल. लेखिका तुम्हीच, त्यामुळे दुसऱ्या लेखकाची संमती आणायचा प्रश्न नाही. प्रयोगात चित्रपटातलं गाणं वाजवायचा मोह झाला तर आवरा, त्याचे हक्क वेगळे घ्यावे लागतात. आणि तुम्ही जिल्हा परिषदेच्या कर्मचारी आहात, म्हणून तिकीट किंवा मानधन येणार असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवा. प्रयोग गाजला की तक्रार करणारा स्टाफरूममध्येच निघतो.

पैशाचं म्हणाल तर ओसरीवरच्या प्रयोगाला खर्च आहे कापूस, गोणपाट आणि चहाचा. शेवटी पदर पसरावासा वाटला तर पसरा, पण आजीच्या वेशात नको. उठून, हात धुऊन, ताई म्हणून या आणि मग मागा. आजीने कोणाकडे मागितलं नसेल तर तिच्या अंगावर ते घालू नका.

राहिली साडी. मावशीला विचारा की आजी कामावर काय नेसून जायची, कासोटा होता की नव्हता, पदर डोक्यावर की कमरेला खोचलेला. अंदाजाने नऊवारी घेऊ नका, रंगमंचावर नऊवारी दिसली की लोकांना लावणी नाहीतर जिजाऊ आठवते. जी असेल ती सुती घ्या आणि पहिल्या प्रयोगाआधी दहा-बारा वेळा धुवा, इस्त्री न करता. तालमीही त्यातच करा, कारण मांडी घालून पाऊण तास बसल्यावर निऱ्यांचं काय होतं ते सलवार-कमीजमध्ये कळत नाही.